पांढरी चादर, ओलं फडकं

१९८४ साली मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंग खात्यात उमेदवारी करत होते. खोली कशी आवरायची हे मला शिकवलं ते संगमेश्वरकडच्या एका काकांनी. त्यांचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष त्यांचा नाही. काका बाथरूममध्ये शिरले, पाहुण्याने वापरून जमिनीवर टाकलेला टॉवेल उचलला, बेसिनच्या नळाखाली दोन ग्लास विसळले आणि त्याच टॉवेलच्या कोरड्या कोपऱ्याने पुसून उजेडाकडे धरले. "एक धागा दिसतो का बघ," म्हणाले. दिसत नव्हता. डाग नव्हता, बोटाचा ठसा नव्हता. मग त्यांनी दोन्ही ग्लासांवर कागदी टोप्या चढवल्या. टोपीवर छापलेलं होतं, 'आपल्यासाठी निर्जंतुक केले आहे'.

पुढची तीन वर्षं मीही तसेच ग्लास पुसले. त्यापायी किती पाहुण्यांची पोटं बिघडली असतील, सांगता येणार नाही. ते कळायला मार्गच नव्हता. चौतीस वर्षं या धंद्यात काढल्यावर मला वाटतं, हॉटेलातल्या स्वच्छतेचं सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे.

आधी एक खुलासा. मराठीत आपण 'हॉटेल' म्हणतो ते मिसळ आणि चहाच्या ठिकाणाला. उतरायच्या ठिकाणाला आपण लॉज म्हणतो, नाहीतर 'राहायचं हॉटेल' असं लांबण लावून सांगतो. या लेखात हॉटेल म्हणजे उतरायची जागा. तिथलं स्वयंपाकघर हा स्वतंत्र विषय आहे, त्याच्यावर भरपूर लिहिलंही गेलंय, म्हणून ते बाजूला ठेवते.

हॉटेल आणि हॉस्पिटल हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन कुळातले, पाहुण्याच्या आदरातिथ्याशी जोडलेले. पण दोघांत एक मोठा फरक आहे. इस्पितळात रुग्णाला नवा संसर्ग झाला तर बऱ्याचदा तो तिथेच असतो, ताप चढतो, तक्त्यावर नोंद होते, कुणीतरी प्रश्न विचारतं. हॉटेलातला पाहुणा सकाळी बिल भरून निघून जातो. नोरोव्हायरससारख्या पोटाच्या विषाणूची लक्षणं दिसायला १२ ते ४८ तास लागतात. विषमज्वराला एक ते तीन आठवडे. दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या 'ए' प्रकारच्या काविळीला सरासरी चार आठवडे. तोपर्यंत माणूस नागपूरला किंवा नैरोबीला पोचलेला असतो, आणि डॉक्टरांनी विचारलं की त्याला आठवते ती रस्त्यावर खाल्लेली पाणीपुरी. ज्या चकचकीत खोलीत तो झोपला, तिच्याबद्दल त्याला शंकाही येत नाही.

मग हॉटेलला आपल्या स्वच्छतेबद्दल कळतं तरी काय? तक्रारी कळतात. आणि तक्रार येते ती डोळ्यांना दिसणाऱ्या आणि नाकाला जाणवणाऱ्या गोष्टींची. बाथटबमध्ये एक केस सापडणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा. केसामुळे मी नोकरी जाताना पाहिली आहे. त्या केसाने कुणी आजारी पडत नाही, पण त्याचा फोटो काढता येतो. वर्षानुवर्षं असं झालं की कामाची सगळी घडण तक्रारीच्या मापाने होते. चादर पांढरीशुभ्र हवी, आरसा लख्ख हवा, खोलीत लिंबाचा वास हवा. जंतूला यातल्या कशाशीच देणंघेणं नाही.

हॉटेलातल्या संसर्गाचा इतिहास त्यामुळे फार तोकडा आहे. त्यात नोंदली गेली ती प्रकरणं, जिथे पाहुण्यांना जोडणारा एखादा धागा योगायोगाने कुणाच्या तरी हाती लागला. सर्वांत प्रसिद्ध प्रकरण फिलाडेल्फियाचं. जुलै १९७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाल्याचा उत्सव चालू होता. तिथल्या माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचं अधिवेशन २१ ते २४ जुलैला भरलं होतं, बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात. १९०४ साली उघडलेलं हे शहरातलं मानाचं हॉटेल. अधिवेशन संपून मंडळी गावोगाव गेली आणि काही दिवसांत एकेकाला जबर न्यूमोनिया होऊ लागला. एकूण २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले.

हे कळलं कसं? मरणारे सगळे एका संघटनेचे होते म्हणून. संघटनेच्या कचेरीत निधनाच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या. तेच पाहुणे फिरते विक्रेते किंवा सहलीला आलेली कुटुंबं असती, तर वेगवेगळ्या गावी वेगवेगळ्या डॉक्टरांनी 'न्यूमोनिया' लिहून कागद मिटला असता. अधिवेशनाशी काही संबंध नसलेले, नुसते हॉटेलसमोरच्या ब्रॉड स्ट्रीटवरून गेलेले काही लोकही आजारी पडले होते. तेही मागाहून, शोध घेऊ लागल्यावर सापडले.

त्या हॉटेलाच्या चादरी मळक्या होत्या किंवा बाथरूम घाण होतं, असं कुणी सिद्ध केलं नाही. अन्न तपासलं, पाणी तपासलं, विषारी धातूंचा संशय घेतला. जवळपास पाच महिने काही हाती लागलं नाही. शेवटी डिसेंबरात जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने जुन्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि आधी दुर्लक्षिलेला एक जिवाणू त्याला दिसला. जानेवारी १९७७ मध्ये ते जाहीर झालं. माजी सैनिकांवरून त्याला लीजनेला हे नाव मिळालं. वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्यातून, बहुधा छतावरच्या कूलिंग टॉवरमधून, तुषारांवाटे तो हवेत पसरला असावा असं मानलं जातं. हॉटेल मात्र बदनामीने नोव्हेंबर १९७६ मध्येच बंद पडलं होतं.

हा जिवाणू एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. तो पाण्यात राहतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. कोमट पाणी त्याला मानवतं, साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस. पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात, शॉवरच्या जाळीवरच्या क्षारांत, न वाहणाऱ्या पाण्यात तो सुखाने वाढतो. म्हणून पाश्चात्त्य नियमावल्या सांगतात की गार पाणी २० अंशांच्या खाली ठेवा आणि गरम पाणी टाकीत ६० अंशांवर. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसू आलं. मुंबईत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंशांच्या खाली? मे महिन्यात आमच्या 'गार' नळाला येणारं पाणी चहाला ठेवण्याआधीच अर्धं तापलेलं असे. म्हणजे आपल्याकडे थंडीचा आधार नाही. उरतात ते क्लोरीन, उष्णता आणि वाहतं पाणी.

यातली उष्णता आपण हाताने कमी करतो. वीज वाचवा म्हणून वरून आदेश आला की अभियांत्रिकी खातं गरम पाण्याचा काटा ६० वरून ४५ वर आणतं. अंघोळीला तेवढं पुरतं, पाहुणा तक्रार करत नाही, बिल कमी येतं आणि पाणी नेमकं जिवाणूला हव्या त्या तापमानाला येऊन थांबतं. पोळण्याची भीती खरी आहे, पण तिचा उपाय नळापाशी गार पाणी मिसळून करायचा असतो, टाकी कोमट ठेवून नव्हे. हा वाद मी दोन हॉटेलांत घातला. एकदा जिंकले. मोठी अडचण अशी की पाणी कुणाच्याच खात्यात नसतं. पाइप अभियांत्रिकीचा, शॉवरची जाळी हाउसकीपिंगची, कूलिंग टॉवर बाहेरच्या ठेकेदाराचा, आणि कुठली खोली किती दिवस रिकामी आहे ही माहिती रिसेप्शनकडे.

रिकामी खोली ही आमच्या धंद्यात 'स्वच्छ' खोली समजली जाते. तिथे कुणी गेलेलंच नाही, तर घाण होणार कशी? खरं म्हणजे आठवडाभर ज्या शॉवरमधून पाणी वाहिलं नाही, तो शॉवर वापरातल्या शॉवरपेक्षा जास्त धोक्याचा. आठवड्यातून एकदा रिकाम्या खोल्यांचे गरम-गार नळ काही मिनिटं सोडायचे, शॉवर जमिनीजवळ धरून किंवा त्यावर पिशवी बांधून सोडायचा म्हणजे तुषार उडत नाहीत, संडासाचं झाकण लावून फ्लश ओढायचा, जाळ्या काढून क्षार घालवायचे. काम एवढंच. २०२०च्या टाळेबंदीनंतर एका हॉटेलाने मला सल्ल्यासाठी बोलावलं, तेव्हा जंतुनाशक फवारायची यंत्रं आणि दाराशी पायाने दाबायची सॅनिटायझरची बाटली असा सगळा जामानिमा तयार होता. मी सातव्या मजल्यावरच्या एका बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. आधी हवा फुसफुसली, मग चहाच्या रंगाचं पाणी आलं. कितीतरी महिने ते तिथेच होतं.

पाण्याबद्दल इतकं बोलले, कारण त्याचा विचार सर्वांत कमी होतो. आता खोलीच्या बाहेर यायला हवं, कॉरिडॉरमध्ये.

२१ फेब्रुवारी २००३ रोजी हाँगकाँगच्या काउलून भागातल्या मेट्रोपोल हॉटेलात लिउ जियानलुन नावाचे चौसष्ट वर्षांचे डॉक्टर उतरले. ग्वांगजौहून एका लग्नासाठी आले होते, तिथे त्यांनी एका अनोळखी न्यूमोनियाच्या रुग्णांवर उपचार केले होते आणि त्यांना स्वतःला बरं वाटत नव्हतं. नवव्या मजल्यावरच्या ९११ क्रमांकाच्या खोलीत ते एक रात्र राहिले, दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेले आणि ४ मार्चला वारले. त्या एका मुक्कामातून किमान सोळा पाहुण्यांना आणि भेटायला आलेल्यांना सार्स झाला. ही माणसं टोरांटो, सिंगापूर आणि हनोईला गेली, काही हाँगकाँगमध्येच राहिली. हनोईत या नव्या आजाराची सूचना जगाला देणारे जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर कार्लो उर्बानी २९ मार्चला त्याच आजाराने गेले. साथ आटोक्यात येईपर्यंत जगभरात ८,०९८ रुग्ण आणि ७७४ मृत्यू नोंदले गेले. वेगवेगळ्या देशांतले हे पहिले रुग्ण एकाच हॉटेलात, बहुतेक एकाच मजल्यावर राहिले होते, हे लक्षात यायला मार्चचा तिसरा आठवडा उजाडला. पुन्हा तेच. पाहुणे पांगले होते.

नंतर तपास पथकाने त्या मजल्यावर नमुने घेतले. विषाणूच्या खुणा सापडल्या त्या ९११च्या दाराबाहेरच्या गालिच्यावर आणि लिफ्टच्या आसपास. खोलीच्या आत सापडल्या नाहीत. या खुणा म्हणजे जिवंत विषाणू नव्हे, आणि तो नेमका कसा पसरला, तुषारांतून, हवेतून की डॉक्टरसाहेब कॉरिडॉरमध्ये ओकले किंवा खोकले त्यातून, यावर आजही एकमत नाही. पण मी आयुष्यभर खोल्या आवरलेली बाई आहे, मला त्या नमुन्यांत आमच्या कामाचं वेळापत्रक दिसतं. पाहुणा गेला की खोली पुसली जाते, चादरी बदलतात, बाथरूम धुतलं जातं. कॉरिडॉर कुणाचा असतो? तिथे दिवसातून एकदा व्हॅक्यूम फिरतो. लिफ्टचं बटण चमकवलं जातं, कारण पितळेवर ठसे दिसतात. त्या हॉटेलाने पुढे नाव बदललं आणि ९११चा क्रमांक बदलून ९१३ केला. आमच्या धंद्यात हेही स्वच्छतेतच मोडतं.

गालिच्याचा विषय निघालाच आहे, तर नोरोव्हायरसकडे वळते. 'काहीतरी बाधलं' असं म्हणून आपण सोडून देतो, त्या उलट्या-जुलाबांमागे जगभर सर्वाधिक वेळा हाच विषाणू असतो. डिसेंबर १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका हॉटेलात जेवणाच्या वेळी एका बाईंना उलटी झाली. दालनात सहा टेबलांवर १२६ माणसं होती. त्यांतली ५२ नंतर आजारी पडली. बाईंच्या टेबलावर दहांतले नऊ या हिशोबाने, आणि टेबल जसजसं लांब तसतसं प्रमाण कमी. सगळ्यांनी खाल्लं एकाच स्वयंपाकघरातलं, तेव्हा दोष जेवणाचा नव्हता. उलटीचे न दिसणारे कण हवेत उडाले होते. इंग्लंडमधलंच दुसरं उदाहरण इस्पितळातलं आहे, पण आमच्या कामाचं. एका वॉर्डात ही साथ येऊन गेली, शेवटच्या रुग्णानंतर तेरा दिवसांनी गालिचा काढायला दोन कामगार आले आणि दोघेही आजारी पडले. त्या तेरा दिवसांत गालिचा रोज व्हॅक्यूम केला जात होता.

म्हणून कुणी ओकलं की आधी माणसं बाजूला करायची, हातमोजे आणि मास्क घालून शोषून घेणाऱ्या कागदाने ते उचलायचं, साबणाने ती जागा धुवायची आणि मगच क्लोरीनचं पाणी लावून निदान पाच-दहा मिनिटं ओलं ठेवायचं. आसपासचं फर्निचर, दाराच्या मुठी हेही त्यात आलं. गालिच्याला क्लोरीन चालत नाही, तिथे वाफ. आणि त्या दिवशी सॅनिटायझरवर भिस्त ठेवायची नाही. या विषाणूवर अल्कोहोल फारसं चालत नाही, साबण आणि वाहत्या पाण्यानेच हात धुवायचे.

क्लोरीनची गोष्ट फोडून सांगायला हवी, कारण तिथे सर्वांत जास्त घोळ होतात. बाजारात मिळणारं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग घेऊन त्यात ४९ भाग पाणी घातलं की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. रोजच्या पृष्ठभागांना ते पुरतं, उलटी-रक्ताला याच्या पाचपट तीव्र लागतं. ऊन आणि उष्णता लागली की त्याचा जोर जातो, म्हणून रोजचं रोज करायचं. मळ असेल तर क्लोरीन मळाशीच झुंजत संपतं, म्हणून आधी साबण. आणि संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीच मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मी काम केलेल्या एका ठिकाणी नवीन लागलेल्या एका पोराने 'दोन्ही घातलं की जास्त पांढरं होईल' म्हणून दोन्ही ओतलं. दार बंद होतं. खोकत, रांगत बाहेर आला. दोन दिवस इस्पितळात होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाटल्यांवरची अक्षरं इंग्रजी होती आणि तो सातवीपर्यंत शिकलेला.

तर फडक्याकडे येते. नोरोव्हायरसवर २००४च्या सुमारास इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसलं की नुसत्या साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसल्यावर विषाणू जात नाही. तो फडक्यावर बसून पुढच्या पृष्ठभागावर उतरतो. एका दूषित बोटाने ओळीने सात स्वच्छ जागा दूषित होऊ शकतात. २०१२ साली अमेरिकेत काही विद्यापीठांनी हॉटेलांच्या खोल्यांमधले नमुने घेतले. खोल्या मोजक्याच होत्या, तेव्हा फार ताणू नये, पण जे सापडलं ते मला तरी नवीन नव्हतं. संडास आणि बेसिनवर जंतू होतेच, टीव्हीचा रिमोट आणि पलंगाजवळच्या दिव्याचं बटणही त्यांच्याच रांगेत होतं. आणि सफाईच्या गाडीवरचे स्पंज आणि पोछेही. म्हणजे एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत नेण्याचं वाहन आम्हीच ढकलत होतो.

हे वाचून मी माझ्या हाताखालच्या मजल्यांवर एक प्रयोग केला. कोरडं झाल्यावर न दिसणारी, पण जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चखाली चमकणारी एक जेल मिळते. तिचे ठिपके खोलीत दहा-बारा ठिकाणी लावून ठेवायचे आणि आवरून झाल्यावर टॉर्च मारायची. आरशावरचे ठिपके गेलेले असायचे, टेबलावरचे गेलेले असायचे. रिमोट, दिव्याचं बटण, फोन, दाराची आतली कडी बहुतेक खोल्यांत चमकत राहायची. मुलांना रागवावं असं काही मला त्यात वाटलं नाही. या जागांवर कधीच तक्रार आली नव्हती.

वेगवेगळ्या जागांना वेगवेगळ्या रंगांची फडकी, हे यावरचं जगभर चालणारं उत्तर. एका प्रचलित पद्धतीत संडासाला लाल, बेसिनला पिवळं, खोलीला निळं, खाण्याच्या जागेला हिरवं. नवीन मुलांना हे शिकवताना मी आजीचं उदाहरण द्यायची. आमच्या घरी देवघराचं फडकं वेगळं, ओट्याचं वेगळं, मोरीचं वेगळं, आणि मोरीचं फडकं ओट्याला लावलं तर आजी घर डोक्यावर घ्यायची. तिला जंतू माहीत नव्हते, पण फडकं कुठून कुठे जातं यावर तिची नजर असायची. मुलं हसायची आणि लक्षात ठेवायची. मात्र हे उदाहरण देताना माझी जीभ थोडी अडखळे. कारण मी लागले त्या काळात संडास धुणारा माणूस वेगळा असे, तो कुठल्या समाजातला असे हे सांगायला नको, आणि त्याला खोलीतल्या खुर्चीला हात लावायची मुभा नसे. वेगळं ठेवायचं होतं फडकं, आम्ही माणूस वेगळा ठेवला होता. पुढे खर्च कमी करताना ती जागाच गेली आणि सगळं काम एकाच मुलाकडे आलं. रंगांची फडकी मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली. मधल्या काळात काय झालं असेल याचा हिशोब वाचकांनीच करावा.

आता वेळेचा हिशोब. आठ तासांच्या पाळीत एका माणसाकडे १४ ते १६ खोल्या असतात, म्हणजे खोलीला जेमतेम अर्धा तास. जंतुनाशकाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्या. लावलं आणि लगेच पुसलं तर ते नुसतं सुगंधी पाणी. मग अर्ध्या तासात दहा मिनिटं आणायची कुठून? कामाचा क्रम बदलून. खोलीत शिरल्याबरोबर संडास आणि बेसिनला औषध लावायचं आणि बाहेर येऊन पलंग काढायचा. चादर झटकायची नाही, आतल्या बाजूला गुंडाळत न्यायची, झटकली की सगळं हवेत उडतं. धुलाईत ती ७१ अंशांवर तीन मिनिटं किंवा ६५ वर दहा मिनिटं राहिली की झालं. मग नवी चादर, वरून खाली पुसणं, स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे जाणं आणि शेवटी बाथरूम. तोपर्यंत औषधाने आपलं काम केलेलं असतं. हे मुलांना पटतं. पण खोल्या १६च्या १८ झाल्या की क्रम टिकत नाही, शरीर आपोआप जुन्या वाटेने जातं. संसर्ग रोखणं हे त्या दोन जादा खोल्यांवर ठरतं, आणि तो निर्णय ज्या बैठकीत होतो तिथे हाउसकीपिंगचं कुणी नसतं.

करोनाने आमच्या खात्याला एकदम मान मिळाला आणि एक चुकीची दिशाही. सगळं पुसायचं, पुन्हा पुसायचं, पाहुण्यासमोर पुसायचं. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस दिल्लीहून एक खास विमान फिजीत थांबून न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला गेलं. प्रवाशांना तिथे हॉटेलांत चौदा दिवस वेगळं ठेवलं होतं. त्यांतला एक जण सुटून घरी गेल्यावर बाधित निघाला. विषाणूच्या जनुकांवरून कळलं की त्याला संसर्ग हॉटेलात, बाजूच्या खोलीतल्या प्रवाशांकडून झाला. आधी संशय आला तो दोघांनी हात लावलेल्या कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर. मग कॅमेऱ्याचं चित्रण बारकाईने पाहिलं. बाराव्या दिवशी नाकातला नमुना द्यायला दोन्ही खोल्यांची दारं पाठोपाठ उघडली होती, मध्ये फक्त पन्नास सेकंदांचं अंतर. कॉरिडॉर बंदिस्त, हवा खेळती नाही, आणि दार उघडताच खोलीतली हवा बाहेर ढकलली जात होती. माणसं एकमेकांना भेटली नव्हती. कितीही पुसलं असतं तरी त्या पन्नास सेकंदांवर इलाज झाला नसता. इलाज खिडकीचा होता, आणि आधुनिक हॉटेलाची खिडकी उघडत नाही.

ग्लासांचं राहिलं. १९९०च्या दशकात मी एका हॉटेलात या खात्याची प्रमुख झाले, तेव्हा ग्लास खोलीत धुणं बंद करायचं ठरवलं. वापरलेले ग्लास जाळीच्या ट्रेमधून खाली न्यायचे, यंत्रात शेवटचं पाणी ८२ अंशांचं, आणि पुसायचे नाहीत, उपडे ठेवून वाळू द्यायचे. त्यासाठी ग्लासांचे तीन संच लागतात, एक खोलीत, एक धुण्यात, एक मजल्यावरच्या कपाटात. हिशोब खात्याने विचारलं, गेल्या पाच वर्षांत ग्लासाबद्दल किती तक्रारी आल्या? एकही नाही, मी म्हटलं. मग खर्च कशाला? दीड वर्ष लागलं. आणि बदल झाल्यावर पहिल्याच महिन्यात तक्रार आली. ग्लासांवर पाण्याचे डाग दिसतात.

काका तेव्हा त्याच हॉटेलात होते, निवृत्तीला आलेले. त्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं. "डाग राहिलेला ग्लास पाहुण्यासमोर ठेवायचा? आमची लाज काढतेस," म्हणाले. मी खूप समजावलं. ऐकून घेतलं, पण त्यांच्या मजल्यावरचे ग्लास कसे कोण जाणे लखलखीतच असायचे. मी कानाडोळा केला. ते माझे गुरू होते.

काही वर्षांनी रत्नागिरीला जाताना संगमेश्वरला त्यांच्या घरी गेले. अंगणात खुर्ची टाकली, आत गेले. पडवीतून दिसत होतं, मोरीपाशी उकिडवे बसून त्यांनी काचेचा एक ग्लास राखेने घासला, वाहत्या पाण्याखाली धरला आणि फळीवर उपडा ठेवला. मग माझ्यापाशी येऊन बसले. पाऊस, नातवंडं, गुडघे, सगळ्या गप्पा झाल्या. तहान लागली होती, पण पाणी काही येईना. शेवटी मीच विचारलं.

"थांब जरा," काका म्हणाले. "वाळू दे."